कॅथेड्रलचे टोल मनगटावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॉथिक कॅथेड्रलवरून (मध्ययुगीन युरोपातल्या उंच, टोकदार कमानींच्या मोठ्या चर्चवरून) प्रेरणा घेतलेले, मोजक्याच नगांत निघालेले, टोल देणारे मनगटी घड्याळ बाजारात आले की चर्चा त्याच्या छायाचित्रांची होते. डायलवरची गोल खिडकी, टोकदार कमानींचे कोरीवकाम, मागच्या झाकणावरचा नगक्रमांक यांबद्दल सगळे बोलतात आणि आवाजाबद्दल फारसे कुणी विचारत नाही. माझ्या मते अशा घड्याळात कॅथेड्रल उतरले आहे की नाही, हे डोळ्यांनी ठरतच नाही, कानांनी ठरते. खालची उत्तरे हाच आग्रह धरून लिहिली आहेत.

टोलाचे मनगटी घड्याळ आणि गजराचे मनगटी घड्याळ यांत फरक काय?

गजर आपण लावलेल्या वेळी वाजतो आणि ती वेळ झाली एवढेच कळवतो. व्हल्कनचे क्रिकेट (१९४७) हे गजराचे नावाजलेले मनगटी घड्याळ. त्याचा कर्कश आवाज माणसाला उठवण्यासाठी आहे. टोलाचे घड्याळ किती वाजले ते मोजून सांगते. त्याच्या दोन जाती आहेत. पहिली जात तासाला किंवा पाव तासाला आपणहून टोल देते. दुसरी एरवी गप्प असते आणि केसच्या (घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाच्या) कडेचा खटका सरकवला की त्या क्षणाची वेळ वाजवून दाखवते. या दुसरीला रिपीटर म्हणतात. तास, पाव तास आणि उरलेली मिनिटे अशी तिन्ही मोजून वाजवणारे ते मिनिट रिपीटर.

प्रेरणा म्हणून कॅथेड्रलच का?

युरोपात वेळ मोजणारे यंत्र प्रथम तिथेच ऐकू आले, म्हणून. तेराव्या शतकाच्या अखेरीस आणि चौदाव्या शतकात पहिली यांत्रिक घड्याळे मठांत आणि मोठ्या चर्चांत बसवली गेली. प्रार्थनेच्या वेळा ठरलेल्या असत आणि त्या गावभर कळवण्याचे साधन म्हणजे घंटा. काटे आणि डायल ही नंतरची सोय आहे. सुरुवातीच्या बऱ्याच घड्याळांना डायल नव्हतेच.

याचा चालता पुरावा इंग्लंडमधल्या सॅलिसबरी कॅथेड्रलमध्ये आहे. तिथले घड्याळ १३८६ च्या सुमाराचे मानतात. हाताने ठोकून घडवलेल्या लोखंडी पट्ट्यांचा चौकोनी सांगाडा, दोन ढोल, त्यांना गुंडाळलेले दोर आणि दोरांना लटकवलेली वजने. डायल नाही, काटा नाही. ते फक्त तासाचे टोल देण्यासाठी बनले होते. १८८४ मध्ये नवे घड्याळ आले आणि हे मनोऱ्यातच पडून राहिले. विसाव्या शतकात, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, ते पुन्हा लोकांच्या नजरेला पडले आणि १९५६ मध्ये दुरुस्त करून चालते केले गेले. आज ते कॅथेड्रलच्या आतच जमिनीवर उभे आहे. ज्या काळात घड्याळ बघायचे नव्हते, फक्त ऐकायचे होते, त्या काळातले ते आहे. टोलाच्या मनगटी घड्याळाचा पूर्वज शोधायचा तर तो हाच.

वेल्स कॅथेड्रलचे घड्याळ त्याच पिढीतले, १३९० च्या आसपासचे. त्याला २४ तासांचे डायल आहे, बाजूला घंटा वाजवणारा जॅक ब्लँडिफर्स नावाचा लाकडी पुतळा बसलेला आहे आणि दर पाव तासाला वर घोडेस्वारांची झुंज फिरते. दरवेळी तोच बिचारा स्वार घोड्यावरून आडवा होतो. त्याची मूळ यंत्रणा १८८४ पासून लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

दुसरे कारण इमारतीत आहे. उंच दगडी छत, टोकदार कमानी, लांबच लांब मधला भाग. अशा जागेत वाजलेला एक टोल काही सेकंद घुमत राहतो आणि पुढचा टोल त्याच्या मावळत्या नादात मिसळतो. लहानशा धातूच्या केसमध्ये हा घुमारा आणायचा कसा, हा घड्याळ घडवणाऱ्यांसमोरचा खरा प्रश्न आहे.

सर्वांत जास्त प्रेरणा देणारे कॅथेड्रल कोणते?

माझे उत्तर स्ट्रासबर्ग. फ्रान्सच्या पूर्व सीमेवरचे हे कॅथेड्रल व्होज डोंगरातल्या गुलाबी वालुकाश्माचे आहे. त्याचा एकच मनोरा पुरा झाला. तो १४२ मीटर उंच आहे आणि १६४७ ते १८७४ या काळात ही जगातली सर्वांत उंच इमारत होती. पण घड्याळवेड्यांसाठी खरे धन आत, दक्षिण बाजूला आहे.

तिथे एकामागून एक तीन घड्याळे झाली. पहिले १३५२ ते १३५४ दरम्यानचे. त्याच्यावर पंख हलवणारा एक यांत्रिक कोंबडा होता. तो आजही स्ट्रासबर्गच्या संग्रहालयात आहे आणि जगातल्या सर्वांत जुन्या टिकून राहिलेल्या यांत्रिक पुतळ्यांत त्याची गणना होते. दुसरे घड्याळ १५७४ मध्ये पुरे झाले. त्याचे गणित डासिपोडियस या गणितज्ञाचे आणि कारागिरी हाब्रेष्ट या घड्याळजी बंधूंची. सध्याचे तिसरे घड्याळ जाँ-बाप्तिस्त श्विल्गे याने १८३८ ते १८४३ मध्ये, सोळाव्या शतकातली जुनी सजवलेली चौकट कायम ठेवून, आतून संपूर्ण नवे बनवले.

त्याचा टोल बघावा तसाच समजून घ्यावा असा आहे. पाव तासाला मृत्यूच्या सांगाड्यासमोरून एक मूल जाते, अर्ध्या तासाला तरुण, पाऊण तासाला प्रौढ पुरुष आणि तास भरला की म्हातारा. पूर्ण तासाचे टोल मात्र मृत्यू स्वतः हातातल्या हाडाने देतो. एक देवदूत दर तासाला वाळूचे घड्याळ उलटे करतो. दुपारी ख्रिस्ताचे बाराही प्रेषित त्याच्यापुढून जातात आणि कोंबडा तीनदा आरवतो. यात टोलाला अर्थ आहे. पाव तास कोणाचा आणि तास कोणाचा हे घड्याळ सांगते. मनगटी घड्याळाच्या डायलवर कॅथेड्रलची आकृती कोरणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यायला हवी.

ईस्टरची तारीख काढणारे घड्याळ तेच का?

होय. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, कारण ती चंद्र, वसंतसंपात (मार्चमधला दिवस-रात्र समान असण्याचा दिवस) आणि रविवार या तिन्हींवर ठरते. श्विल्गेने हे सगळे गणित चाकांत बसवले. वर्षाच्या शेवटी त्या यंत्राची चाके फिरतात आणि पुढच्या वर्षीचा ईस्टर पंचांगाच्या चकतीवर आपोआप जागेवर येतो. याच घड्याळाचा आकाशगोल संपातबिंदूच्या सरकण्याची गतीही दाखवतो. ती फेरी पुरी व्हायला सुमारे २६ हजार वर्षे लागतात.

याची तुलना पाटेक फिलिप या स्विस घड्याळ कंपनीच्या कॅलिबर ८९ शी करून बघावी. कंपनीच्या १५० व्या वर्षी, १९८९ मध्ये, आलेले हे खिशातले घड्याळ. त्यात ३३ करामती (साधी वेळ दाखवण्यापलीकडची कामे), १,७२८ भाग, आणि वेगवेगळ्या धातूंत मिळून फक्त चार नग. टोलही आहेत आणि ईस्टरची तारीखही. पण ती तारीख गणिताने येत नाही. ठरावीक वर्षांच्या तारखा एका खाचा पाडलेल्या चकतीत आधीच भरलेल्या होत्या आणि त्या २०१७ पर्यंतच पुरल्या. खिशात मावणाऱ्या जागेत एवढे करणे हेही थोरच. तरीही दीडशे वर्षे आधी एका माणसाने कॅथेड्रलच्या भिंतीत ते गणित कायमचे सोडवून ठेवले होते, हे वाचले की श्विल्गेपुढे हात जोडावेसे वाटतात.

‘कॅथेड्रल गाँग’ म्हणजे काय?

मनगटी घड्याळात घंटा नसते, गाँग असते. गाँग म्हणजे कडक केलेल्या पोलादाची बारीक तार, जी यंत्राभोवती गोल वळवलेली असते. तिचे एक टोक घट्ट बसवलेले आणि दुसरे मोकळे. छोटी हातोडी तिच्यावर पडली की ती कंप पावते. नेहमीची गाँग यंत्राभोवती साधारण एक फेरा घेते. कॅथेड्रल गाँग जवळजवळ दोन फेरे घेते. तार लांब झाली की नाद खालच्या सुरात येतो, भरदार होतो आणि जास्त वेळ रेंगाळतो. मोठ्या घंटेची आठवण होते म्हणून हे नाव.

अडचण अशी की दोन गाँग, प्रत्येकीचे दोन फेरे, म्हणजे तेवढ्याच जागेत तारांची दाटी. कंप पावताना त्या एकमेकींना किंवा केसला जरा जरी टेकल्या तर झणझण होते आणि नाद मरतो. म्हणून कॅथेड्रल गाँग बसवणे हे अनुभवी हाताचे काम मानतात. तार कानसून स्वरात आणली जाते, पुन्हा वाजवली जाते, पुन्हा कानसली जाते. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना हा प्रकार लगेच कळेल: एक बारीकसा कण इकडचा तिकडे झाला की सूर उघडतो किंवा बसतो, आणि थांबायचे कुठे हे मोजपट्टीला नाही, कानाला कळते.

कॅथेड्रल गाँग असली म्हणजे घड्याळ कॅथेड्रलवर बेतलेले असते का?

नाही. तो गाँगचा प्रकार आहे. पाटेक फिलिपच्या ५०७४ मध्ये कॅथेड्रल गाँग आहेत, पण त्या घड्याळाच्या रूपात चर्चचे काहीच नाही. ‘कॅथेड्रल काटे’ हीसुद्धा वेगळी गोष्ट आहे. रंगीत काचांच्या खिडकीसारखे कप्पे असलेले हे काटे पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या सैनिकी मनगटी घड्याळांत खूप दिसतात आणि त्यांचा टोलाशी संबंध नाही. जाहिरातीत ‘कॅथेड्रल’ दिसले की गाँग, काटे की नुसती सजावट, हे आधी विचारून घ्या.

एवढ्याशा घड्याळाला किती टोल द्यायचे हे कळते कसे?

माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयातला हा सर्वांत सुंदर भाग आहे.

रिपीटरच्या आत तीन चकत्या असतात आणि त्या वेळेबरोबर फिरत राहतात. तासाच्या चकतीची कड गोगलगायीच्या शंखासारखी पायऱ्यापायऱ्यांनी आत उतरत जाते. तिला १२ पायऱ्या. पाव तासाच्या चकतीला चार पायऱ्या. मिनिटांच्या चकतीला चार हात आणि प्रत्येक हातावर १४ पायऱ्या, कारण पाव तास वजा झाल्यावर जास्तीत जास्त १४ मिनिटे उरतात.

खटका सरकवला की दोन गोष्टी होतात. एक वेगळी छोटी स्प्रिंग गुंडाळली जाते. म्हणजे टोलाची ताकद घड्याळाच्या मुख्य स्प्रिंगमधून येत नाही, तुमच्या बोटातून येते. त्याच वेळी तीन दातेरी पट्ट्यांची टोके त्या चकत्यांवर जाऊन टेकतात. पायरी जितकी खोल, तितकी पट्टी जास्त आत जाते आणि परत येताना तितके जास्त दात हातोडीला उचलतात. नऊ वाजले असतील तर पट्टी नवव्या पायरीपर्यंत जाते आणि नऊ दात नऊ टोल देतात. घड्याळ स्वतःच स्वतःला चाचपून वेळ वाचते.

टोलांचा वेग सांभाळायला एक गव्हर्नर असतो. जुन्या पद्धतीचा गव्हर्नर दातांवर आपटत चालतो, म्हणून जुन्या रिपीटरमध्ये टोलांच्या मागे घूंऽऽ असा आवाज येतो. नव्या पद्धतीत फिरणारी वजने बाहेर फेकली जाऊन वेग आवरतात. हा प्रकार जवळपास निःशब्द असतो.

आणखी एक भाग सांगायलाच हवा. खटका अर्धवट सरकवला तर घड्याळ चुकीची वेळ सांगेल. ते होऊ नये म्हणून ‘सगळे किंवा काहीच नाही’ या अर्थाच्या फ्रेंच नावाची एक कळ असते. खटका पूर्ण गेल्याशिवाय ती हातोड्यांना हलूच देत नाही. अर्धे सांगण्यापेक्षा गप्प राहणारे यंत्र अठराव्या शतकातल्या कारागिरांनी बनवले, याचे मला फार कौतुक आहे.

टोल ऐकून वेळ कशी ओळखायची?

खालच्या सुरातला एकेक टोल म्हणजे तास. मग ‘टिंग-टाँग’ अशी जोडी, प्रत्येक जोडी पाव तासाची. शेवटी वरच्या सुरातले एकेरी टोल म्हणजे उरलेली मिनिटे. ३ वाजून ४९ मिनिटे झाली असतील तर तीन खालचे, तीन जोड्या, चार वरचे. सर्वांत लांब वेळ १२ वाजून ५९ मिनिटे: १२ तासांचे, तीन जोड्यांचे सहा आणि १४ मिनिटांचे, मिळून ३२ टोल. एक वाजता एकच टोल. चारपाच वेळा ऐकले की कान आपोआप मोजू लागतो.

हा शोध कुणाचा?

मागणी करताच वेळ वाजवणारे यंत्र सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये आले. १६७६ च्या सुमारास एडवर्ड बार्लो या धर्मगुरूने दातेरी पट्टीची युक्ती काढली. पुढे खिशातल्या रिपीटरच्या हक्कावरून त्याचा आणि डॅनियल क्वेअर या घड्याळजीचा वाद झाला. १६८७ मध्ये राजा दुसरा जेम्स याने दोन्ही घड्याळे तपासून क्वेअरच्या बाजूने निकाल दिला. बार्लोच्या घड्याळात तास आणि पाव तास यांसाठी दोन वेगळ्या कळा दाबाव्या लागत, क्वेअरच्यात एकच. त्या काळी अंधारात घड्याळ बघायला मेणबत्ती पेटवावी लागे, त्यामुळे रात्री उशाशी ठेवलेल्या रिपीटरची खरी गरज होती.

तेव्हा केसमध्ये खरोखरच छोटी घंटा असे, आणि घड्याळ जाडजूड होई. अब्राहम-लुई ब्रेगे या घड्याळजीने १७८३ मध्ये घंटेच्या जागी वळवलेली तार आणली. आजची प्रत्येक गाँग त्या तारेचीच वारस आहे. मनगटावरचे पहिले मिनिट रिपीटर १८९२ मध्ये ओमेगाच्या संस्थापक ब्रांट घराण्याने बनवले. त्याचे यंत्र ओदमार पिगे या कंपनीचे होते.

ग्रांद सॉनरी, पेतित सॉनरी, कॅरिलॉन... हे काय आहे?

ग्रांद सॉनरी दर पाव तासाला आपणहून पाव तास आणि तास दोन्ही वाजवते. पेतित सॉनरी पाव तासाला फक्त पाव तास आणि तास भरल्यावर तास वाजवते. कॅरिलॉनमध्ये तीन किंवा अधिक गाँग असतात, त्यामुळे पाव तासाला छोटी सुरावट येते. मनगटी घड्याळात ग्रांद सॉनरी आणि मिनिट रिपीटर एकत्र आणणारा पहिला कारागीर फिलिप ड्युफूर, १९९२ मध्ये. कॅथेड्रलच्या जवळ जाणारी जात ग्रांद सॉनरीच आहे, कारण मनोऱ्यावरचे घड्याळ कुणी खटका सरकवायची वाट बघत नाही.

वेस्टमिन्स्टरची धून कॅथेड्रलची आहे ना?

लंडनच्या बिग बेनच्या मनोऱ्यावर वाजणाऱ्या या धूनबद्दल हा समज फार पसरलेला आहे, पण तो चुकीचा आहे. बिग बेनचा मनोरा ब्रिटिश संसदेच्या इमारतीचा, आणि ती इमारत एकोणिसाव्या शतकातल्या गॉथिक पुनरुज्जीवन शैलीतली. शेजारची वेस्टमिन्स्टर ॲबी वेगळी. पण धून जन्मली ती खरोखर एका गॉथिक चर्चमध्येच: केंब्रिजच्या ग्रेट सेंट मेरीज या विद्यापीठाच्या चर्चसाठी ती १७९३ मध्ये बांधली गेली. १८५९ मध्ये ती लंडनच्या मनोऱ्यावर आली आणि तिथून जगभर. घरच्या भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळातही अनेकांनी ती ऐकली असेल.

मनगटावर ही धून आणायला चार गाँग आणि चार हातोड्या लागतात. जेगर-लकूल्त्र या कंपनीने २०१९ मध्ये मास्टर ग्रांद ट्रॅडिशन जायरोटूर्बियाँ वेस्टमिन्स्टर पर्पेच्युएल या लांबलचक नावाचे घड्याळ आणले. फक्त १८ नग. व्यास ४३ मिलिमीटर, भाग हजाराहून अधिक. त्यात एक बारकावा आहे. नेहमीच्या रिपीटरमध्ये पाव तास नसेल, समजा पाच वाजून सात मिनिटे, तर पाच टोल झाल्यावर जोड्यांच्या जागी शांतता राहते आणि मग मिनिटे येतात. या घड्याळात ती पोकळी काढून टाकली आहे. ज्याला सूर कळतो त्यालाच ती पोकळी खटकते आणि ती भरून काढावीशी वाटते. या प्रकारातले माझे आवडते घड्याळ हेच.

मुंबईकरांसाठी एक जवळचा धागा आहे. विद्यापीठाच्या फोर्ट परिसरातला राजाबाई टॉवर गॉथिक पुनरुज्जीवन शैलीतला आहे. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याचा, आणि तो स्वतः भारतात कधीच आला नाही. प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आईचे नाव दिले. १८७८ मध्ये तो पुरा झाला, उंची सुमारे ८५ मीटर. पूर्वी त्याच्या घंटांवर १६ धून वाजत असत. ओव्हल मैदानाच्या कडेने चालताना कान उघडे ठेवले तर मनोऱ्यावरचा टोल आणि मनगटावरचा टोल यांतले अंतर नीट कळते.

डायलवर रोझ विंडो (चर्चची रंगीत काचांची गोल खिडकी) आहे. ते पुरेसे नाही का?

काम चांगले असेल तर तेही बघण्यासारखे असते. पारदर्शक मिनाकारीत पाठीमागे पत्रा नसतो, त्यामुळे प्रकाश रंगातून आरपार जातो. रंगीत काचेच्या खिडकीला याहून जवळचे तंत्र नाही. स्ट्रासबर्गच्या पश्चिम दर्शनी भागावरच्या गोल खिडकीला १६ पाकळ्या आहेत आणि तिच्या काचांत गव्हाच्या ओंब्यांची नक्षी आहे. एवढा तपशील बोटभर डायलवर हाताने भरणाऱ्या कारागिराला दाद द्यायलाच हवी. बाहेरून टेकू देणाऱ्या उडत्या कमानी तर यंत्राच्या पुलांना (चाके धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांना) फार शोभतात, कारण दोन्हीकडे त्यांचे काम भार पेलण्याचेच आहे.

पण हेच घड्याळ टोल देताना पातळ, कोरडे वाजत असेल तर मी ते घेऊ नका असेच सांगेन. नुसत्या रूपासाठी टोलाची किंमत मोजायची गरज नाही. तीच मिनाकारी साध्या यंत्रावर पुष्कळ कमी पैशांत मिळते.

कोणत्या धातूची केस चांगली वाजते?

प्लॅटिनम जड आणि दाट, त्यात नाद दबतो. तांबूस सोने गोड वाजते असे बहुतेक जाणकारांचे मत आहे. टायटॅनियम हलके, त्यात आवाज मोठा आणि स्वच्छ येतो. मात्र केसपेक्षा गाँग कशाला जोडली आहे याला जास्त महत्त्व आहे. जेगर-लकूल्त्रने गाँग वरच्या नीलमण्याच्या काचेला जोडल्या. शोपारने फुल स्ट्राइक या घड्याळात काच आणि गाँग एकाच नीलमण्यातून कापल्या. त्या घड्याळाला २०१७ मध्ये जिनिव्हाचा घड्याळांसाठीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ओदमार पिगेने लोझानच्या तंत्रविद्यापीठाबरोबर अनेक वर्षे संशोधन करून २०१५ मध्ये सुपरसॉनरी हे टोलाचे घड्याळ दाखवले. त्यात तंतुवाद्याला असतो तसा नादफलक आहे.

विकत घेण्याआधी काय ऐकावे?

शांत खोली मागा. दुकानातला एसी बंद करायला सांगायला संकोचू नका. आधी घड्याळ मनगटावर ठेवून ऐका, कारण वापरताना ते तिथेच असणार आणि त्वचा थोडा नाद शोषते. मग हातातून काढून ऐका.

विक्रेत्याला १२:५९ लावायला सांगा आणि पूर्ण ३२ टोल ऐका. सर्व टोल एकाच वजनाचे पडतात का? शेवटची मिनिटे घाईत किंवा रेंगाळत तर येत नाहीत? खालचा आणि वरचा सूर स्पष्ट वेगळा कळतो का? टोल पडल्यावर नाद किती वेळ टिकतो, आणि तो विरत जाताना स्वच्छ राहतो की खरखरतो? मागे गव्हर्नरचा आवाज किती? या प्रश्नांपैकी नाद टिकण्याचा प्रश्न कॅथेड्रलच्या नावाने विकल्या जाणाऱ्या घड्याळाला सर्वांत आधी लावावा.

मोबाइलवरची चित्रफीत ऐकून निर्णय घेऊ नका. छोटा माइक खालचे सूर खातो आणि आवाजाची पातळी आपणहून वरखाली करतो. पाटेक फिलिपमध्ये प्रत्येक मिनिट रिपीटर बाहेर जाण्याआधी कंपनीचे अध्यक्ष स्वतः ऐकतात आणि पसंत नसेल तर परत पाठवतात, ही प्रथा प्रसिद्ध आहे. घेणाऱ्याने निदान तेवढी चौकशी करायला काय हरकत आहे?

नग इतके कमी का असतात?

काही वेळा ती विक्रीची युक्ती असते, हे खरे आहे. पण मिनिट रिपीटरच्या बाबतीत हात कमी असतात हेही तितकेच खरे. यंत्रात तीनशेहून अधिक भाग असतात आणि एकच कारागीर ते जुळवतो, सुरात आणतो, पुन्हा उघडतो. मिनाकारीचे डायल भट्टीत तडकले की सुरुवातीपासून काम. टोल देणाऱ्या घड्याळाचे हजारो नग वर्षाला निघत असतील तर ती वेगळ्या जातीची वस्तू आहे.

सर्वसामान्य खिशाला परवडणारे काही आहे का?

नामांकित घराण्यांची मिनिट रिपीटर कोटींच्या घरात जातात. पण तासाला एक टोल देणारी घड्याळे आता आवाक्यात आली आहेत. क्रिस्टोफर वॉर्डने नोव्हेंबर २०२२ मध्ये सी१ बेल कँटो सुमारे तीन हजार पौंडांना आणले. पहिल्या ३०० नगांचा तात्काळ फडशा पडला आणि पुढच्या वर्षी त्याला जिनिव्हात पुरस्कारही मिळाला. हातोडी आणि गाँग डायलवरच दिसतात. जर्मनीच्या माइस्टरझिंगरचे बेल होराही तासाला एक टोल देते. सिटिझनच्या कँपानोला मालिकेत बॅटरीवरची मिनिट रिपीटर होती. त्यांचा आवाज इलेक्ट्रॉनिक आहे, पण वेळ ऐकून ओळखायची सवय लावायला तीही चालतील.

परदेशातून आणणार असाल तर आयात शुल्क आणि जीएसटी हिशोबात धरा, आणि विमानतळावर लाल मार्गाने जाऊन घड्याळ जाहीर करा.

आपल्या पावसाळ्यात वापरता येते का?

जपून. बहुतेक मिनिट रिपीटर पाण्यासाठी नसतात. केसला खटक्यासाठी फट असते आणि नाद बाहेर यावा म्हणून केस फार घट्ट बंद करता येत नाही. गाँग पोलादाची आहे आणि दमट हवेत तिला गंज चढला की सूर गेलाच. जून ते सप्टेंबर मुंबईत किंवा कोकणात ते रोज घालू नये असेच मी सुचवेन. कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावे आणि अधूनमधून चावी देऊन टोल ऐकावेत.

काय अजिबात करू नये?

टोल चालू असताना चावी ओढून वेळ बदलू नये. दातेरी पट्ट्या चकत्यांवर टेकलेल्या असतात आणि दात तुटू शकतात. एकदा खटका सरकवल्यावर टोल संपायच्या आत दुसऱ्यांदा सरकवू नये. केसला पॉलिश करून घेऊ नये. दुरुस्ती शक्यतो मूळ कंपनीकडेच, कारण गाँगला चुकून बोट लागले तरी सूर बदलतो.

आपल्याकडच्या घंटेच्या नादावरून असे घड्याळ होईल का?

जपानने ते करून दाखवले आहे. सेइकोच्या क्रेडोर विभागाने २००६ मध्ये बौद्ध देवघरातल्या ओरिन या वाटीसारख्या घंटेचा नाद मनगटावर आणला. २०११ च्या मिनिट रिपीटरसाठी तर गाँगचे पोलाद एकेकाळी चिलखते घडवणाऱ्या म्योचिन घराण्याकडून घेतले.

आपल्याकडे चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई विजयानंतर पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा त्याच काळाची साक्ष आहे. तिच्यावर १७२१ साल आहे आणि तिचा आवाज इतका दूर जाई की मोठ्या आवाजाच्या माणसाला आजही नारोशंकराची घंटा म्हणतात. चर्चसाठी ओतलेली आणि देवळात वाजलेली घंटा, असा दुहेरी इतिहास फार थोड्या नादांना असेल. कुणी भारतीय घड्याळकाराने तिचा सूर मोजून दोन फेऱ्यांच्या गाँगमध्ये उतरवावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मूळ कॅथेड्रल घड्याळे प्रत्यक्ष ऐकायची तर?

वेल्समध्ये कोणत्याही पाव तासाला पोहोचा, झुंज बघायला मिळेल. सॅलिसबरीत घड्याळ अगदी जवळून बघता येते. स्ट्रासबर्गमध्ये प्रेषितांची मिरवणूक दुपारी १२ ला नसते, १२:३० ला असते, कारण ते घड्याळ स्थानिक वेळ पाळते आणि ती मध्य युरोपीय वेळेहून सुमारे अर्धा तास मागे आहे. त्यासाठी वेगळे तिकीट लागते आणि आधी माहितीपट दाखवतात, त्यामुळे साडेअकराच्या सुमारास रांगेत उभे राहणे बरे. उभे राहताना खांबाच्या आड येणार नाही अशी जागा धरा: मृत्यूचा सांगाडा आणि कोंबडा दोन्ही एकाच वेळी दिसायला हवेत.